सायकलच्या चाकाच्या तारा

घरांतील ज्या वस्तु रोज उपयोगी पडतात त्यांजकडेच आपलें लक्ष सर्वांत कमी असतें. घड्याळ मागें पडूं लागलें किंवा दाराची बिजागरी करकरूं लागली, म्हणजे मग त्या वस्तूची आपणांस आठवण होते. सायकलची गोष्ट अशीच आहे. एके काळीं सायकलींचें शहर असा पुण्याचा लौकिक होता, आणि जिन्याखालीं एखादी तरी काळी सायकल उभी नाहीं असें घर विरळा. आज रस्त्यांवर स्कूटरी व मोटारी ह्यांची गर्दी झाली आहे. तरी आमच्या जिन्याखालीं तीर्थरूपांची ती सायकल अद्यापि आहे, आणि आमचा पुतण्या तीवरूनच महाविद्यालयांत जातो. ह्या सायकलच्या मागच्या चाकानें आम्हांस जो धडा दिला, तो वाचकांस सांगावा असें बरेच दिवस मनांत होतें.

हकीकत अशी. जून महिन्यांत मागच्या चाकाची एक तार तुटली. तार म्हणजे ज्यास दुकानदार स्पोक म्हणतात ती. जवळच्या एका दुकानांत नवी तार घालून घेतली. तीन आठवड्यांनीं दुसरी तुटली, तीही बदलली. श्रावणांत तिसरी व गणपतीच्या आधीं चौथी. आमच्या धाकट्या बंधूंची नोकरी परगांवीं असल्यामुळें हा मुलगा शिक्षणाकरितां आमच्याकडे असतो. चौथी तार तुटली तेव्हां आमच्या वडील बंधूंनीं त्यास सर्वांदेखत सुनावलें कीं, "मित्रांना मागें बसवून हिंडतोस, म्हणून हें होतें." मुलगा इतकेंच म्हणाला, "काका, मी कोणालाही बसवीत नाहीं." खरें सांगावयाचें तर त्या वेळीं आम्हीही वडील बंधूंच्या म्हणण्यास मान डोलाविली. तारेचे पैसे मुलाच्या हातखर्चांतून कापावे असें ठरलें. मातोश्री तेवढ्या म्हणाल्या, "अरे, एकदां त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवून तर पाहा." परंतु वृद्ध माणसाच्या मायेचें बोलणें म्हणून आम्हीं तें सोडून दिलें.

नवरात्रांत एके संध्याकाळीं मातोश्रींचें औषध घेऊन तो पुलाच्या उतारावरून येत असतां मागच्या चाकाचा एकदम आठ झाला. मुलगा पडला. कोपर व गुडघा खरचटला, औषधाची बाटली फुटली. मागून मोठी गाडी येत नव्हती हें आमचें दैव. सायकल खांद्यावर घेऊन तो घरीं आला आणि कोणी कांहीं विचारण्याच्या आधींच म्हणाला, "काका, मागें कोणी बसलें नव्हतें."

लागलें किती हें सांगण्याच्या आधीं ज्या मुलास आपला निर्दोषपणा सांगावा लागतो, त्याच्या घरच्या वडील मंडळींचें कोठें तरी चुकत आहे, हें आम्हांस त्या क्षणीं कळलें. दुसरे दिवशीं ती सायकल आम्ही स्वतः एका वृद्ध मिस्त्रीकडे घेऊन गेलों. त्यानें तुटलेल्या तारांकडे पाहिलेंच नाहीं. चाक मांडीवर घेऊन तो नखानें एकेक तार छेडूं लागला. कांहीं तारा टणत्कार करीत, कांहीं नुसत्या खडखडत. चाळीसांपैकीं अकरा तारा त्यानें खडूनें खुणविल्या आणि म्हणाला, "साहेब, तुटली कोणती तें कशाला बघतां? सैल कोणती तें बघा. सैल तार काम करीत नाहीं, तिचा भार शेजारणीवर पडतो. शेजारीण तुटते, आणि आपण तिलाच नांवें ठेवतों."

ह्या बोलण्यांतील शास्त्र समजून घेण्यासारखें आहे.

आपल्या बैलगाडीच्या चाकांत मध्यें तुंबा, त्यांत ठोकलेले लांकडी आरे, आणि बाहेरून लोखंडी धाव असते. गाडीचा भार तुंब्यावर येतो, तुंबा आपल्या खालच्या आऱ्यांवर उभा राहतो, आणि ते आरे खांबाप्रमाणें दाबले जातात. लांकडाच्या जाड आऱ्यास हें जमतें. परंतु दोन मिलिमीटर जाडीची पोलादी तार खांब म्हणून उभी केली तर ती बोटाच्या दाबानेंही वांकेल. मग अशा तारांच्या चाकावर धडधाकट माणूस बसतो तो कसा?

ह्याचें उत्तर असें कीं, तार दाब सोसत नाहीं, पण ताण फार मोठा सोसते. इंग्लंडांत सर जॉर्ज केली ह्यांनीं १८०८ सालीं आपल्या उडत्या यंत्राकरितां ताणलेल्या आऱ्यांच्या हलक्या चाकाची कल्पना मांडिली. पॅरिस येथें युजीन मेयर ह्यांनीं १८६९ सालीं तारांच्या चाकाचें पेटंट घेतलें. त्या सुरुवातीच्या चाकांत तारा सूर्यकिरणांप्रमाणें मध्यापासून सरळ बाहेर जात. त्यामुळें पायटा मारल्याबरोबर मधला हब थोडा पुढें पिळला जाई आणि मग रिम त्याच्या मागून येई. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली ह्यांनीं १८७४ सालीं ही अडचण दूर केली. त्यांनीं तारा हबच्या कडेस स्पर्शून तिरप्या नेल्या, अर्ध्या पुढें झुकलेल्या व अर्ध्या मागें, एकमेकींस ओलांडून जाणाऱ्या. आज आपल्या दारच्या सायकलींत जी तारांची जाळी दिसते ती हीच. पुढें १८८५ सालीं दोन सारख्या चाकांची व साखळीची 'रोव्हर' सायकल ज्यांनीं प्रसिद्धीस आणिली, ते जॉन केम्प स्टार्ली ह्याच जेम्स स्टार्लींचे पुतणे होत. इंग्लिश पद्धतीच्या जुन्या काळ्या सायकलींत पुढच्या चाकास ३२ व मागच्या चाकास ४० तारा घालण्याचा प्रघात होता. कारण बसणाऱ्याचा व सामानाचा अधिक भार मागच्या चाकावर येतो.

प्रत्येक तारेचें एक टोंक हबच्या छिद्रांत अडकविलेलें असतें. दुसऱ्या टोंकावर आटे पाडलेले असून तें रिममधून आलेल्या लहानशा पितळी निपलांत फिरतें. निपल आवळला कीं तार ताणली जाते. चांगल्या ३६ तारांच्या चाकांत एकेका तारेवर सुमारें १०० किलो वजन टांगल्याइतका ताण असतो. म्हणजे चाक कोपऱ्यांत नुसतें उभें असतांही त्यांतील तारा मिळून ३,६०० किलोंच्या ओढीनें रिमला मध्याकडे खेंचीत असतात. आणि ही ओढ सर्व बाजूंनीं सारखी असल्यामुळेंच रिम जागच्या जागीं गोल राहते. चाकाचें बळ पोलादांत आहे खरें, पण त्याहून अधिक तें ह्या समतोल ओढींत आहे.

आतां अशा चाकावर भार आला म्हणजे काय होतें, हें घरच्या मुलांस सहज दाखवितां येईल. सायकल सरळ उभी धरावी, आणि जमिनीच्या बाजूस असलेली चाकाची सर्वांत खालची तार छेडून तिचा सूर ऐकावा. मग एका जड माणसास सायकलवर बसवून तीच तार पुन्हां छेडावी. सूर उतरलेला ऐकूं येईल. वरच्या व बाजूच्या तारा छेडल्या तर त्यांच्या सुरांत फारसा फरक जाणवणार नाहीं. म्हणजे भार येतो तो मुख्यतः खालच्या दोनचार तारांचा ताण कमी करून. मूळचा ताण पुरेसा असेल तर कांहीं ताण गेला तरी तार ताठ राहते आणि आपली जागा सोडीत नाहीं. परंतु तार मुळांतच सैल असेल तर खालीं येतांच ती अगदीं ढिली पडते, आणि वर जातांना पुन्हां हिसका बसून ताणली जाते.

हा हिसका किती वेळां बसतो ह्याचा हिशेब करून पाहावा. अशा सायकलचें २८ इंची चाक एका किलोमीटरांत सुमारें साडेचारशें फेरे घेतें. रोज दहा किलोमीटर व वर्षाचे तीनशें दिवस धरले तर वर्षास साडेतेरा लाख फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यास प्रत्येक तार एकदां तरी खालीं येतेच. लोखंडी तार हातानें पुढें-मागें वांकवीत राहिलें म्हणजे ती कांहीं वेळानें तुटते, हें लहान मुलासही ठाऊक असतें. सायकलची तार अशाच शिणवट्यानें तुटते. बहुधा हबपाशीं, जेथें तिला बांक दिलेला असतो तेथें. पोलादाची चांगली तार एका ओढीनें तोडावयाची तर अडीचशें किलोंहून अधिक ओढ लागते. तेव्हां एक दिवस कोणी मित्र मागें बसला म्हणून निरोगी चाकाची तार तुटत नसते. ती तुटते तेव्हां तिच्या मागें कित्येक महिन्यांचा शीण असतो.

आमच्या चाकाचें झालें होतें तें असें. तें तीर्थरूपांच्या काळीं बांधलेलें. वर्षानुवर्षें हिसके बसून कांहीं निपल आपोआप उलटे फिरले व तारा सैल झाल्या. त्यांचा वांटा शेजारच्या तारांवर गेला. त्यांतील एक तुटली, तेव्हां दुकानदारानें नवी तार घातली, आणि चाक डावें-उजवें हलत होतें तें घालविण्याकरितां जवळच्या दोनचार तारा आणखी आवळून दिल्या. चाक सरळ फिरूं लागलें व आमचें समाधान झालें. पण सैल तारा सैलच राहिल्या, आणि आधींच ओढलेल्या तारा अधिक ओढल्या गेल्या. पुढची तुटावयाची कोणती हें त्याच दिवशीं ठरून गेलें होतें. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. "चाक एकदां नव्यानें बांधून घ्या" असें आम्हांस पूर्वीं दोन वेळां सांगण्यांत आलें होतें. परंतु चालतें आहे तोंवर चालूं द्यावें म्हणून आम्हींच तें टाळिलें होतें.

यावरून मुख्य गोष्ट ही ध्यानांत ठेवावी कीं, सरळ दिसणारें चाक निरोगी असतेंच असें नाहीं. चाकाचा सरळपणा डोळ्यांना दिसतो, पण ताणाचा समतोल कानांनाच कळतो. तंबोरा लावतांना आपण जें करतों तेंच येथें करावयाचें. सारख्या लांबीच्या व जाडीच्या दोन तारांत जी अधिक ताणलेली तिचा सूर चढा; आणि एका अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे ताणांत सुमारें १२ टक्क्यांचा फरक, असें गणित आहे. ज्यांच्या घरांत गाणें आहे त्यांस हें काम विशेष साधेल. मात्र मागच्या चाकांत तुलना करावयाची ती एकाच बाजूच्या तारांची. फ्रीव्हीलला जागा देण्याकरितां रिम त्या बाजूस सरकवून बसविलेली असते, सबब त्या बाजूच्या तारा दुसऱ्या बाजूपेक्षां अधिक ताणलेल्या असतात. गिअरच्या सायकलींत तर हा फरक बराच असतो. तारेचा ताण मोजण्याचें यंत्रही हल्लीं मिळतें, परंतु घरच्या कामास कान व बोटें पुरेशीं आहेत.

आतां प्रत्यक्ष कृति. महिन्यांतून एक रविवार ठरवावा. सायकल उलटी करून बैठक व हँडल ह्यांवर उभी करावी. प्रथम व्हॉल्व्हपासून आरंभ करून एकेक तार रिमच्या बाजूस छेडीत जावें. फार खालच्या किंवा फार वरच्या सुराची तार आढळेल तेथें खडूची खूण करावी. नंतर चाक हळू फिरवून रिम व ब्रेकचें रबर ह्यांमधील फट पाहावी. फट एखाद्या ठिकाणीं कमी-जास्त होत असेल तर चाक तेथें एका बाजूस गेलें आहे असें समजावें. ह्यालाच दुकानदार 'आऊट' म्हणतात.

रिम एखाद्या जागीं डावीकडे गेली असेल तर त्या जागच्या उजवीकडून येणाऱ्या तारा किंचित् आवळाव्या व डावीकडच्या तितक्याच सैल कराव्या. मात्र कोणती आवळावी आणि कोणती सोडावी हें ठरवितांना सुराचें स्मरण ठेवावें. उजवीकडे एखादी सैल तार असेल तर प्रथम तीच आवळावी. डावीकडे एखादी अति ताणलेली असेल तर प्रथम तीच सोडावी. बहुधा ज्या तारेनें चाक बिघडलें तिनेंच तें सुधारतें, आणि निरपराधी तारांना हात लावण्याचें कारण पडत नाहीं. रिम एखाद्या जागीं बाहेर फुगली असेल तर तेथील दोन्ही बाजूंच्या तारा सारख्या आवळाव्या.

एका वेळीं निपल पाव फेरा फिरवावा, फार झालें तर अर्धा. तारेवर इंचास ५६ आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यानें जवळजवळ अर्धा मिलिमीटर फरक पडतो. आणि ताठ तारेस एवढा फरक पुष्कळ होतो. दिशेविषयीं नवशिक्याचा नेहमीं घोंटाळा होतो. टायरच्या बाजूनें चाकाच्या मध्याकडे पाहिलें असतां निपल घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरविल्यास तार आवळते. मध्याकडून पाहिल्यास हीच दिशा उलटी भासते. काम झाल्यावर शेजारच्या तारांची एकेक जोडी मुठींत धरून जोरानें दाबावी. त्यायोगें पीळ बसलेल्या तारा सुटतात व हबच्या छिद्रांत नीट बसतात. मग पुन्हां एकवार चाक फिरवून पाहावें.

कांहीं गोष्टी मात्र करूं नयेत. निपल पक्कडीनें फिरवूं नये; त्याचे कोपरे झिजतात आणि मग तो कोणत्याच हत्याराला दाद देत नाहीं. त्याच्या मापाची निपलची चावी दुकानांत मिळते, ती घरांत ठेवावी. पावसाळ्यानंतर निपल गंजून बसला असेल तर त्यावर तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर तसाच ठेवावा. जोर केला तर तार पिळून तुटते. सैल तारांच्या भीतीनें सर्वच तारा अतोनात आवळणेंही वाईट. त्यानें रिमची छिद्रें चिरतात किंवा सबंध रिमच मुरडते. निपल फार आवळल्यावर तारेचें टोंक रिमच्या आंत वर आलें असेल तर तें कानशीनें घांसून टाकावें व रिमवरील पट्टी जागेवर आहे कीं नाहीं तें पाहावें, नाहीं तर ट्यूब पंक्चर होईल. तुटलेली तार घेऊन सायकल चालवूं नये. आणि रिम खड्ड्यांत आपटून मुळांतच वांकली असेल तर ती तारांच्या ओढीनें सरळ करण्याचा हट्ट धरूं नये; अशी रिम सरळ दिसेल तेव्हां तारांचा समतोल हटकून गेलेला असतो. तेव्हां ती बदलणें हेंच अखेर स्वस्त पडतें. नवें बांधलेलें चाक पहिल्या शें-दीडशें किलोमीटरांत थोडें सैलावतें. त्या वेळीं तें एकदां मिस्त्रीकडून तपासून घ्यावें.

आमच्या सायकलला नवी रिम व चाळीसही नव्या तारा घालाव्या लागल्या. तें काम चालू असतां पुतण्या दुकानांत मिस्त्रीपाशीं बसून होता. आतां महिन्यांतून एका रविवारीं तो स्वतःच चाक तपासतो. वाड्यांतील इतर मुलेंही आपापल्या सायकली त्याजकडे आणूं लागलीं आहेत. मातोश्री ओसरीवर बसून तारांचे सूर ऐकतात आणि "ही उतरली रे" म्हणून मधूनच सांगतात. आणि बहुधा तें बरोबर निघतें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. कापून घेतलेले पैसे आम्हीं मुलास परत दिले, आणि वडील बंधूंनीं त्यास सर्वांदेखत जवळ बोलावून "आमचें चुकलें" असें सांगितलें. ज्यांनीं सर्वांदेखत ठपका ठेवला त्यांनीं तो परतही सर्वांदेखत घ्यावा, हें त्यांचें म्हणणें आम्हांस फार आवडलें. त्यानंतर आमच्या घरांत एक लहानशी चाल पडली आहे. कोणी थकून चिडलें, कोणाच्या हातून कांहीं सांडलें, परीक्षेंत कोणास गुण कमी पडले, म्हणजे त्यास बोलण्याच्या आधीं आम्ही वडील माणसें क्षणभर थांबतों. सकाळचें पाणी कोण भरतें, आजारी माणसापाशीं रात्रीं कोण जागतें, बाजार कोण आणतें, आणि ह्यांतील कोणतें काम आम्हीं आपल्या अंगावरून दुसऱ्यावर ढकललें आहे, हें आधीं पाहतों. पुष्कळ वेळां असें आढळून येतें कीं, सैल तार आम्हीच होतों.